दुसऱ्या दांड्याची कुळकथा

फोर बाय फोर महिंद्रा थारमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी चारही चाकांना ताकद जोडणारा एक बुटका दांडा असतो. शहरात गाडी चालवणाऱ्या कित्येकांचा हात त्याला वर्षभरात एकदाही लागत नाही. जुनी जीप खरी की नवी थार, हा आम्हा फोर बाय फोरवाल्यांचा कधीच न मिटणारा वाद आहे, आणि तो बहुतेक वेळा पत्र्याच्या जाडीवर येऊन अडकतो. मला विचाराल तर तो या बुटक्या दांड्यावरून घालावा. घराण्याचा वारसा त्याच्याकडेच आहे.

चारही चाकांना ताकद द्यायची म्हटले की पहिली अडचण पुढच्या चाकांची, कारण ती वळतात. साध्या क्रॉसच्या जॉइंटमधून शाफ्ट कोनात फिरला की एकाच फेऱ्यात त्याचा वेग कमीजास्त होतो आणि वळणावर चाक झटके देते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात ऑटो झाकॉ आणि विल्यम बेसरडिक यांनी १९०८ मध्ये वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद पोचवणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे रझेपा, ट्रॅक्टा, बेंडिक्स असे अधिक सफाईदार जॉइंट आले. ते नसते तर जीप झाली नसती.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि नमुन्यासाठी मुदत दिली ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून ती मुदत पाळली; २३ सप्टेंबरला गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर हजर होती. मोठे काम मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाले. विलीजचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सर्वांत दमदार ठरले आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला ट्रेलरचे काम आले. मूळ घडण ज्यांनी केली त्यांची ही परवड मला आजही टोचते.

त्या युद्धकाळातल्या जीपमध्ये मुख्य गिअरखेरीज दोन दांडे होते. एक पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसरा लो रेंजचा, म्हणजे वेग घटवून जोर वाढवणारा. पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नसे, कारण लोमध्ये वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर आला तर तो तुटेल. ही अक्कल यंत्रातच घातलेली होती. लो रेंजचे गुणोत्तर १.९७. पहिल्या गिअरच्या २.६६ ने आणि ॲक्सलच्या ४.८८ ने त्याला गुणले की इंजिनाच्या साधारण साडेपंचवीस फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, विलीजने नागरी जीप काढली, सीजे-२ए. तिचे आकडे मला सगळ्यात बोलके वाटतात. शेतात नांगर ओढायचा, तर लष्करी वेग काय कामाचा? म्हणून गिअरबॉक्स बदलला, ॲक्सल ५.३८ चा घेतला, लो रेंज २.४६ ची केली. गुणाकार सदतीसवर गेला. म्हणजे जिला आपण ऑफ-रोडची चाल म्हणतो, तिला तिचा खरा संथपणा रणांगणाने दिलेला नाही, शेतकऱ्याने दिला आहे. दगडांच्या चढावर क्लच न जाळता गाडी गोगलगायीसारखी चढते ती या सदतीसच्या जोरावर. उतारावर ब्रेकवरचा पाय काढून घ्यायचा, इंजिनच तिला धरून ठेवते.

मुंबईत ही गाडी १९४७ मध्ये आली. महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत मागवून माझगावला जोडल्या. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे कित्येक दशके बनत राहिली. तिच्या मूळच्या पेट्रोल इंजिनाची तहान मोठी. म्हणून डिझेल आले. एमएम ५४० मध्ये प्यूजोचे इंजिन होते. कमी फेऱ्यांत जोर देणारे डिझेल आणि लो रेंज यांची जोडी इतकी जमली की पेट्रोलची जीप आमच्याकडे हौशी लोकांपुरतीच उरली.

आता तुलना. जुन्या जीपला पुढेमागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि पाटे. एक चाक दगडावर चढले की ॲक्सल कलतो आणि दुसरे चाक खाली दाबले जाते. मधल्या हौसिंगखालची उंची मात्र तेवढीच राहते. २०१० च्या थारने पुढचा अखंड ॲक्सल सोडला आणि दोन्ही चाके स्वतंत्र केली. रस्त्यावर स्टिअरिंग सुधारले, पण पुढची दोन्ही चाके एकदम दबली की गाडीचे पोट खाली येते. मोठ्या दगडांच्या नाळेत मी आजही जुना ॲक्सल मागेन.

पण जुनीचा मोठा दोष झाकण्यात अर्थ नाही. तिचे डिफरन्शियल उघडे. पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे चाक अधांतरी झाले की सगळी ताकद त्या दोन चाकांकडे पळते. ती हवेत भिरभिरतात आणि गाडी जागची हलत नाही. मग दगड लावा, नाहीतर दोरखंड आणा. २०२० च्या थारमध्ये भिरभिरणारे चाक ब्रेक लावून आपोआप रोखले जाते आणि ताकद टेकलेल्या चाकाकडे वळते. जिथे जुनीच्या चालकाला उतरून वाट पाहून यावे लागे, तिथे नवशिका सहज निघून जातो. ओढा ओलांडल्यावर जुनीचे भिजलेले ड्रम ब्रेक धरतच नसत, पायाने हलके दाबत ते सुकवावे लागत. एअरबॅगांचा तर तिथे प्रश्नच नव्हता. घरच्यांना घेऊन पावसाळ्यात घाट चढायचा असेल तर मी नवीच काढतो, आणि त्यात मनाची कुरकुर होत नाही.

शिकायला मात्र जुनी. कुठले चाक सुटले, कुठला पाटा ताणला, हे ती पाठीच्या कण्यातून सांगते. तिच्यात वाट वाचायला शिकलेला माणूस नव्या गाडीतूनही पुढे जातो. उलटे सहसा घडत नाही.

या सगळ्या फेरबदलांत दांडा टिकला. दोनाचा एक झाला, इतकेच. नव्या थारमध्येही लो रेंजचे गुणोत्तर अडीचच्या आसपासच आहे, म्हणजे सीजे-२एच्या जवळ. काही गाड्यांत त्याच्या जागी गोल बटण आले, आत दात बदलणारी मोटर आली, काम तेच. वापरणाऱ्यांनी एवढे सांभाळावे: डांबरावर ४एच, म्हणजे चारही चाकांची जोडणी, लावू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट कापतात, मध्ये तो फरक गिळणारे काही नसते, आणि ताण शाफ्टवर येतो. मातीवर चाक थोडे घसरते आणि ताण सुटतो. म्हणून अधूनमधून मऊ रस्ता गाठून दांडा हलवावा, नाहीतर जोडण्या गंजून जाम होतात.

विजेच्या गाड्यांत हा दांडा संपेल असे मला वाटले होते. विजेच्या मोटरला शून्य वेगापासून पूर्ण जोर असतो, तिला लो कशाला? पण मर्सिडीजने २०२४ मध्ये विजेची जी-क्लास आणली. तिला प्रत्येक चाकामागे एक मोटर आहे, आणि त्या चारही मोटरींना स्वतंत्र लो रेंज दिली आहे. गुणोत्तर दोन. विलीजच्या युद्धकाळातल्या जीपचे होते १.९७.