भूल चढली की भ्रम झाला?

इंदूरच्या सराफ्यात गादीवर मांडी घालून जन्म काढलेल्यांचे गुडघे सत्तरीत कुरकुरू लागतात. मग ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी आजोबा वॉकर धरून चार पावलं चालतात, घरचे खूश. आणि रात्री दोन वाजता तेच आजोबा सलाईनची नळी ओढत मुलावर खेकसतात, ‘‘अरे, शटर पाड! चाटवाले ओट्यावर बसायला आले, तिजोरीची किल्ली कुठंय?’’ सकाळी पुन्हा शहाण्यासारखा चहा मागतात. घरचे आपसात म्हणतात, भूल चढली असेल, नाहीतर वय झालं.

भुलीवरचा हा आळ फार जुना, पण असा अचानक येणारा भ्रम, म्हणजे डिलिरियम, भुलीपेक्षाही जुना आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सन्निपातज्वराची लक्षणं सांगताना दिवसा गाढ झोप आणि रात्री जागरण अशी उलटापालट नोंदवली आहे. वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर आजही हेच सांगते. पॅरिसच्या द्युप्वीत्राँ या सर्जनने जखमा आणि शस्त्रक्रियांनंतर येणाऱ्या भ्रमाचं वर्णन केलं होतं. तो वारला १८३५ साली, आणि बोस्टनमध्ये इथरची भूल जाहीरपणे दिली गेली १८४६ साली. म्हणजे त्याचे रोगी भुलीविनाच बरळत होते.

तरी भूल आली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तीच उभी राहिली. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातल्या जॉर्ज सॅव्हेजने १८८७ साली भुलीनंतरच्या वेडावर लेख लिहिला. १९५५ साली बेडफर्ड या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये भूल घेतलेल्या पन्नाशीपुढच्या १,१९३ रुग्णांचा आढावा छापला. ‘ऑपरेशनपासून ते पूर्वीसारखे राहिले नाहीत’ ही नातेवाइकांची तक्रार त्याने कानाआड केली नाही, हे त्याचं मोठेपण. १९५९ साली एंगेल आणि रोमानो या डॉक्टरांनी मेंदूच्या विद्युतलहरी मंदावलेल्या दाखवून सांगितलं, की हृदय किंवा मूत्रपिंड थकतं तसा इथे मेंदू थकतो. वेडाचा शिक्का पुसायला हे पुरेसं होतं. आपल्याकडे तो अजून पुसला गेलेला नाही.

कमरेतून सुई देऊन भूल दिली की मेंदू वाचतो, ही समजूतही पक्की. २०२१ साली खुबा मोडलेल्या १,६०० रुग्णांवरच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत भ्रमाचं प्रमाण कमरेतली आणि पूर्ण अशा दोन्ही प्रकारच्या भुलीत जवळपास सारखंच निघालं, सुमारे २० टक्के. गुडघा ठरवून बदलताना हा धोका मोडलेल्या खुब्याइतका नसतो, पण असतो.

मग खरे आरोपी कोण? पुष्कळ, आणि त्यातले दोघे माळव्याच्या ओळखीचे. पहिली अफू. सर सेठ हुकुमचंदांसारख्या इंदूरच्या व्यापाऱ्यांनी तिच्या सट्ट्यात पैसा केला. तिच्याच चिकातून निघणारं मॉर्फिन ऑपरेशननंतरचं दुखणं थांबवतं. ते जास्त झालं तर भ्रम होतो. पण कमी पडून वेदना तशीच राहिली तरीही होतो, हे आपण विसरतो. दुसरा महादेवाला वाहायचा धोतरा. तो पोटात गेला की माणूस बरळतो, हे गावोगाव ठाऊक आहे. त्याच्यासारखाच गुण सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांत आणि लघवी आवरण्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांत असतो. शिवाय कोरडं पडलेलं शरीर, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अडकलेली लघवी, सोडियम उतरणं, अचानक बंद झालेला रोजचा पेग.

१९९० साली शॅरन इनूये यांनी भ्रम ओळखण्याची खाटेशेजारची पद्धत मांडली. अचानक सुरुवात आणि चढउतार, लक्ष न टिकणं, विस्कळीत बोलणं, जागेपणात फरक. यातली पहिली दोन हवीतच, उरलेल्यांतलं एखादं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तरी लक्षाची परीक्षा होते. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान दिसतो. गुपचूप पडून राहणारा सुटतो, आणि घरचे म्हणतात, ‘शांत झोपलेत’.

बोस्टनमध्ये खुबा मोडलेल्या १२६ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांकडे वृद्धरोगतज्ज्ञाने रोज लक्ष दिलं, तेव्हा त्यांच्यात भ्रम ३२ टक्क्यांना झाला, उरलेल्यांत ५० टक्क्यांना. हा अभ्यास २००१ सालचा. त्यात जादूचं औषध नव्हतं. प्राणवायू, पाणी, वेदना, गोळ्यांची यादी, पोट, हालचाल, झोप यांकडे कुणीतरी रोज पाहत होतं, इतकंच.

तेव्हा ऑपरेशन ठरलं की आजोबांच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या आणि काढ्यांच्या पुड्यांसकट, आधीच डॉक्टरांपुढे मांडा. पेग असेल तर तोही सांगा. आणि हरवतील म्हणून चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरी नेऊ नका. ती त्यांच्या उशाशीच राहू द्या.