खुराड्यातली राख, शेडमधली गादी

खर्ड्याच्या परिसरात कोंबडीखाली काय अंथरायचे, हे पिढ्यानपिढ्या पावसाने ठरवले. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातले हे गाव 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे सर्वांना ठाऊक आहे, पण बालाघाटाच्या रांगेतला हा पट्टा कायम अवर्षणाच्या छायेत राहिला. ज्वारी-बाजरी आणि कडधान्ये ही इथली पिके. कडबा, सरमाड, तुरीचे आणि हरभऱ्याचे भूस, सगळे जनावरांच्या दावणीत जायचे. दुष्काळाच्या साली तर वाळल्या काडीलाही मोल येई. जे बैल खाईल ते कोंबडीखाली पसरायचे, ही चैन कोणत्याच घराला परवडणारी नव्हती. उरायची ती चुलीतली राख.

जुन्या घरांतले खुराडे म्हणजे ओसरीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून दगडमातीचे बांधलेले बुटके घर. पुढे एक फळी, आणि मुंगूस-मांजर शिरू नये म्हणून फळीला टेकवलेला धोंडा. दोन-चारच कोंबड्या असल्या तर त्या रात्री डालग्याखाली डालायच्या. डालगी बुरुडाकडून यायची किंवा घरीच तुरकाट्यांची विणली जायची. सकाळी कोंबड्या बाहेर पडल्या की खराट्याने शीट ओढून घ्यायची, घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकायची आणि जमिनीवर मूठभर राख पसरायची. अधूनमधून आतून शेणाने सारवण. हे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकांकडे किंवा लेकरांकडे असे. अंड्यांचा पैसाही अनेक घरांत बाईच्याच हाती राही, म्हणून ती हे काम टाळत नसे.

राखेचा उपयोग नेमका होता. ती शिटेतला ओलावा शोषते, त्यामुळे दुर्गंधी आणि किडा दोन्ही आवरते. तिची बारीक पूड पिसांत शिरली की उवा-पिसवांना जगणे कठीण होते. कोंबडी स्वतःच राखेच्या ढिगात खड्डा करून लोळते, पंखांनी राख अंगावर उडवून घेते आणि मग उभी राहून सगळे अंग झटकते. खुडूक बसवतानाही टोपलीत आधी राख, तिच्यावर थोडा भुसा किंवा वाळके गवत आणि वर अंडी अशी रचना असे. एकवीस दिवस एकाच जागी बसणाऱ्या कोंबडीला उवांनी छळले तर ती अंडी सोडून उठते. राखेवर आणि कडुनिंबाच्या पाल्यावर भिस्त होती ती यासाठी.

या व्यवस्थेची मर्यादाही मोठी होती. 1927 च्या सुमारास कुमाऊँमधल्या राणीखेत इथे नोंदला गेलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा रोग गावोगावी मानमोडी म्हणून परिचित झाला. तो शिरला की गावातली खुराडी रिकामी होत. झाडलोट कितीही चोख असली तरी लसीशिवाय त्याला अटकाव नव्हता. स्वच्छतेने आवरता येणारे रोग वेगळे, विशेषतः रक्ती हगवण. तिच्या जंतूंची अंडी ओलीत पक्व होतात. कोरड्या जमिनीवर त्यांचा जोर ओसरतो.

दहा-वीस कोंबड्यांची गोष्ट शेकड्यांवर आणि पुढे हजारांवर गेली तेव्हा राख पुरेनाशी झाली. याच सुमारास अमेरिकेतून वेगळी पद्धत येऊन पोहोचली. 1940 च्या दशकात ओहायोच्या शेती संशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन यांनी दाखवून दिले, की अंथरूण दर आठवड्याला बाहेर न काढता त्यावर नवे थर देत राहिले तर खालचा थर कुजून स्थिरावतो आणि कोंबड्या उलट अधिक निरोगी राहतात. सूक्ष्मजीवांच्या कामातून त्यात ब जीवनसत्त्वेही तयार होतात. रोजच्या झाडलोटीला सरावलेल्या पिढीला हे उफराटेच वाटणार होते. मराठीत ही 'गादी पद्धत' झाली.

महाराष्ट्रात ही पद्धत पसरली ती सरकारी केंद्रे, प्रशिक्षणे आणि पुढे खासगी कंपन्यांच्या वाटेने. खडकीचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र सुधारित पिल्ले पुरवत आले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले आणि जिल्ह्यातच शेतीविस्ताराचे केंद्र मिळाले. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि कुक्कुटपालन हा जोडधंद्यावरून पूर्ण वेळचा धंदा होत गेला.

गादी पद्धतीतली सारी कसोटी ओलाव्याची. भाताचे तूस यासाठी सर्वांत सोयीचे, पण ते भातपट्ट्यातून, मावळ-कोकणातून विकत आणावे लागते. जिथे ते महाग पडते तिथे भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा किंवा कुटलेले पाचट वापरतात. जाणता शेतकरी गादीची मूठ दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली, लगेच भुरभुरून धूळ उडाली तर जास्त कोरडी, आणि किंचित धरून मग सुटली तर ठीक. पाण्याच्या भांड्यांभोवतीची जागा आधी बिघडते. तिथला ढेप झालेला भाग काढून नवे तूस घालावे लागते आणि बाकीची गादी वरखाली करावी लागते. हयगय झाली की यूरिक आम्लापासून अमोनिया सुटतो. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर पक्षी रात्रभर तोच वायू घेत होते असे समजावे. चुना ओल आवरतो, पण त्याने अमोनिया सुरुवातीला जास्तच सुटतो. म्हणून चुना टाकताना पडदे उघडे ठेवणे अत्यावश्यक आहे. सुपर फॉस्फेट मात्र अमोनिया बांधून ठेवते.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातल्या पोल्ट्रीतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सिद्ध झाला. लाखो पक्षी मारावे लागले आणि त्यांच्याबरोबर गादी, खाद्य, अंडीही नष्ट करावी लागली. पोसणाऱ्यांचे हाल मोठे होते. शेडमधली घाण ही खाजगी बाब राहिली नाही, हे या साथीने राज्याला कायमचे शिकवले. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा इथे पुन्हा तोच प्रसंग आला.

आज करार पद्धतीच्या ब्रॉयलर शेडमध्ये साधारण सहा आठवड्यांत बॅच निघते. मग सगळी गादी काढायची, फरशी खरवडून धुवायची, फ्लेम गनने कोपरे शेकायचे, चुना मारायचा आणि शेड काही दिवस रिकामी ठेवायची. ही रिकामी मुदत पैशाच्या घाईत कापली जाते, आणि अनेक रोग त्याच फटीतून शिरतात.

निघालेल्या गादीला मोल आहे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या गादीत सुमारे 3 टक्के नत्र आणि 2-2 टक्के स्फुरद व पालाश असते. शेणखतातले नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरते. म्हणून नगर जिल्ह्यातल्या कांदा, ऊस आणि लिंबूवाल्यांकडे कोंबडखत ट्रॉलीने जाते. ताजे टाकले तर मुळे जळतात, त्यामुळे ते ढिगाने कुजवून, पावसाआधी शेतात मिसळले जाते.