भिंग की आरसा? पुण्याची वेधशाळा आणि नरखेडचे अंगण

१/ नरखेड तालुक्यातील एखाद्या अंगणातून गुरूचे पट्टे आणि शनीचे कडे पाहायचे ठरले, की पहिला प्रश्न उभा राहतो: दुर्बीण भिंगाची घ्यावी की आरशाची? हा वाद साडेतीनशे वर्षांचा आहे. त्याचा एक निवाडा पुण्यातही झाला होता.

२/ १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार उपग्रह दिसले ते भिंगातून. परंतु साधे भिंग सर्व रंगांचे किरण एकाच ठिकाणी आणत नाही. तेजस्वी ग्रहाभोवती रंगीत झालर उमटते. ती आवरण्यासाठी दुर्बिणी लांबत गेल्या. हेवेलियसची एक तर सुमारे १५० फुटांची होती.

३/ १६६८ मध्ये न्यूटनने आरसा वापरला आणि झालर गेली. पण धातूचा तो आरसा काळवंडत असे. १७५८ मध्ये डॉलंडने दोन प्रकारच्या काचा जोडून भिंगाचा दोष बराच कमी केला. १८५० च्या दशकात काचेवर चांदीचा मुलामा देणे साधले आणि पारडे पुन्हा आरशाकडे झुकू लागले.

४/ १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. तेथील ग्रब बनावटीची २० इंची आरशाची दुर्बीण भारतात सर्वांत मोठी ठरली.

५/ आरसाच का? नायगमवालांचा विषय वर्णपट हा होता. वर्णपटात प्रकाश पसरून विरळ होतो, म्हणून मुळात तो भरपूर गोळा करावा लागतो. एवढ्या व्यासाचे भिंग फारच महाग पडते.

६/ ग्रहांची गोष्ट निराळी. ते मुळातच तेजस्वी असतात. तेथे कस लागतो तो रेखीवपणाचा. समान व्यासात उत्तम भिंग सरस ठरते, कारण त्याच्या वाटेत दुय्यम आरशाचा अडथळा नसतो. समान पैशांत मात्र आरशाला मोठा व्यास मिळतो: ६० मिलिमीटरला सुमारे १.९ विकलांपर्यंतचा तपशील उलगडतो, तर १५० मिलिमीटरला ०.८ विकलांपर्यंतचा.

७/ म्हणून अंगणासाठी साध्या बैठकीवरची १५० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण बहुधा किफायतशीर. अट एवढीच, की आरसे अधूनमधून जुळवावेत आणि पाहण्यापूर्वी अर्धा-एक तास ती बाहेर निवू द्यावी. देखभाल नको असेल, तर लहान भिंग बरे. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीपेक्षा मातीचे अंगण केव्हाही चांगले; गच्चीवरून उठणारी गरम हवा दोन्ही दुर्बिणींतील ग्रह सारखाच थरथरवते.

८/ १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. मागे उरला तो त्यांच्या निवडीचा धडा: आधी काय पाहायचे ते ठरवावे, मग दुर्बीण.