साक्षीदार फितूर होत नाही, त्याला एकटं पाडलं जातं

अत्याचाराच्या खटल्याचा निकाल लागतो आणि बातमी येते : साक्षीदार फितूर, आरोपी निर्दोष. मग कट्ट्यापासून विधानसभेपर्यंत दोन निष्कर्ष काढले जातात. एक, केसच खोटी होती. दोन, हे लोक पैसे घेऊन फिरले. त्यातूनच 'ॲट्रॉसिटीचा गैरवापर' नावाचं पालुपद तयार होतं. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही निष्कर्ष इतिहास न वाचता काढलेले आहेत.

आधी शब्दच तपासू. 'फितूर' हा शब्द गडकोटांच्या इतिहासातला. शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा तो फितूर. म्हणजे ज्याचं किल्ल्यात काही होतं, ज्याला किल्ल्याने संरक्षण दिलं होतं, असा माणूस. ज्या शेतमजुराला कोर्टाने ना भाडं दिलं ना संरक्षण, त्याला हा शब्द कसा लावता? त्याचा किल्ला होता तरी कुठे?

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी लोकांना हात उचलू दिला नाही, कायद्याचा मार्ग धरायला लावला. खटला चालला आणि काही हल्लेखोरांना शिक्षाही झाली. पण शहरात एकजुटीने उभा राहिलेला माणूस आपापल्या गावी गेला की एकटा पडत होता, आणि गाठला जात होता तिथेच. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात याचं नेमकं निदान आहे. हक्क मागणाऱ्या अस्पृश्याची मजुरी बंद होते, वाट बंद होते, वाणी माल देत नाही. पोट ज्यांच्या हातात, त्यांच्याच विरुद्ध बोलायचं कसं? बहिष्कार हे न दिसणारं हत्यार आहे. त्याचा पंचनामा होत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने हे निदान किती मनावर घेतलं? १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. शिवाय गुन्हा आपसात मिटवता येत होता. गावात 'आपसात मिटवणं' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९७६ ला ती पळवाट बंद झाली आणि कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आली, विशेष न्यायालयं आली. १९९५ च्या नियमांनी तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला, साक्षीदाराला प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता दिला. आरोपीला कसं धरायचं याचा विचार झाला. पण साक्ष देऊन रात्री त्याच गावात झोपणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न बव्हंशी कागदाबाहेरच राहिला.

खैरलांजीने तो प्रश्न रक्ताने लिहिला. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला एका नातेवाइकाला मारहाण झाली. भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखलं आणि पोलिसांना तसं सांगितलं. आरोपींना जामीन मिळाला २९ सप्टेंबरला. त्याच संध्याकाळी आई, मुलगी आणि दोन मुलं, चौघांना ठार करण्यात आलं. खैरलांजीबद्दल आपण खूप बोललो, पण हे पुरेसं बोललो नाही की ती साक्षीदारांची हत्या होती. आरोपी सुटतोय याची सूचना त्यांना देणं तेव्हा कायद्याने कुणावर स्पष्टपणे बंधनकारक नव्हतं. पुढे २००८ ला भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहांना फाशी सुनावली. २०१० ला उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. ॲट्रॉसिटी मात्र दोन्हीकडे टिकली नाही. गुन्हा सुडाचा मानला गेला. साक्ष देणाऱ्या दलित बाईचा सूड घ्यावासा वाटणं, यात जात नाही तर काय आहे? एकटा वाचलेला बाप २०१७ ला वाट पाहतच गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याच्या शाळकरी मुलाच्या खुनाच्या खटल्यातले आरोपी सुटले. अनेक साक्षीदार उलटले होते.

२६ जानेवारी २०१६ पासून कायद्यात कलम १५अ आलं. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचं हे स्वतंत्र प्रकरण आहे. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना, सुनावणीत म्हणणं मांडण्याचा हक्क, संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन, कामकाजाचं चित्रीकरण, सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्क, हे सगळं त्यात आहे. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही याच दुरुस्तीने अत्याचार कायद्याखालचा गुन्हा ठरला. १९३० ला लिहून ठेवलेली गोष्ट अत्याचार कायद्यात यायला ८६ वर्षं लागली. २०२१ ला हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पीडिताला सूचना आणि सुनावणी देणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे.

तरीही तालुक्याच्या कोर्टात आम्ही काय पाहतो? साक्षीदार आणि आरोपी एकाच व्हरांड्यात, कधी एकाच एसटीत. समन्स हातात पडतं आदल्या दिवशी. सरकारी वकिलाची भेट होते पुकारा व्हायच्या दहा मिनिटं आधी. चार वर्षांपूर्वीचा जबाब वाचून दाखवायला कुणाला वेळ नसतो. तारीख पडते, मजुरी बुडते, भत्त्याचा अर्ज कुणी भरून देत नाही. मग उलटतपासात माणूस अडखळतो, आणि अडखळला की खोटा ठरतो.

म्हणून आमचं सांगणं मोर्चेकऱ्यांना आहे. घटनेच्या दिवशी आपण हजारोंनी जमतो, साक्षीच्या दिवशी साक्षीदार एकटा असतो. ही वेळ उलटी करायला हवी. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवण्याची मागणी तपास सुरू असतानाच लेखी करा. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३ आहे, पूर्वीचं १६४. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज द्या. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळाली नाही तर कोर्टाला लेखी कळवा. भत्त्याचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. जबाबाची प्रत काढा आणि साक्षीआधी साक्षीदाराला त्याचाच जबाब वाचून दाखवा. त्याच्या तोंडी शब्द घालू नका. आणि एखादा उलटला तरी सगळं संपलं असं समजू नका. त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग न्यायालय स्वीकारू शकतं.

ज्यांना शिक्षेचं प्रमाण कमी म्हणून कायदाच खोटा वाटतो, त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. साक्षीदाराला गावात जगू न देणारे आणि त्याच्या मौनाचा पुरावा म्हणून वापर करणारे, हे दोघे वेगळे आहेत का?

जय भीम.