विनोदाचा पत्ता : पवई फिल्टरपाडा

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. तिचा आवडता भाग कोणता असं विचारलं, तर बरेच प्रेक्षक प्रहसनाची गोष्ट सांगत नाहीत, त्यातले विनोदी नट गौरव मोरे यांची एन्ट्री सांगतात. मानेवर रुळणारे केस, बच्चनची ऐट, आणि ती ललकारी: ‘गौरव मोरे, फ्रॉम पवई फिल्टरपाडा!’ त्यातला ‘फ्रॉम’ नीट ऐकावा. ‘फिल्टरपाड्याचा’ म्हटलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. ‘फ्रॉम’मुळे वस्तीच्या नावाला बिरुदाचा थाट येतो. माझ्या मते मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात या तीन शब्दांना मोठी जागा आहे, कारण त्यांच्यामुळे मुंबईतल्या मराठी विनोदाचा पत्ता बदलला.

हा पत्ता फार काळ जुन्या मुंबईतच होता. पु. ल. देशपांडे जोगेश्वरी-पार्ल्यात वाढले, पण १९५८ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये विनोद नांदतो तो चाळीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्यावरच्या ‘गजरा’ने एका विषयाभोवती छोटे नाट्यप्रवेश गुंफण्याची रीत घरोघरी नेली, आजच्या स्किटची ती सख्खी पूर्वज. मात्र त्यातली माणसं बहुतेक पांढरपेशी. १९८२च्या गिरणी संपाच्या आधीपासूनच मराठी कुटुंबं बोरिवली, मुलुंड आणि त्याही पलीकडे सरकत होती. संपानंतर गिरणगाव आणखी रिकामं झालं. उपनगरांत नाट्यगृहंही उभी राहिली: पार्ल्यात दीनानाथ, मुलुंडला कालिदास, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे. प्रेक्षक उपनगरात आला, त्याच्या विनोदातलं घर मात्र बराच काळ चाळीतच राहिलं. ब्लॉकमधल्या माणसाला निदान अधूनमधून जागा मिळाली. डोंगरउतारावरच्या आणि पाड्यावरच्या माणसाला तीही नाही. फिल्टरपाडा हे नावच पाहा: ‘पाडा’ हा साष्टीतल्या आदिवासी वस्त्यांचा शब्द, ‘फिल्टर’ पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचा. याच परिसरातल्या विहार तलावाचं पाणी मुंबई १८६० पासून पीत आली आहे.

कुणी म्हणेल, कष्टकरी मुंबई याआधीच रंगमंचावर आली होती. शाहीर साबळ्यांच्या मुक्तनाट्यांनी ती आणली. हे खरंच आहे, पण ते लोकनाट्याचं अंगण होतं. दूरचित्रवाणीच्या दिवाणखान्यात वस्तीचं नाव घेऊन असा प्रवेश कुणी केला नव्हता. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे हसू गरिबीवरचं नाही का? काही स्किटमध्ये मोऱ्यांच्या दिसण्यावर आणि परिस्थितीवर सोपे विनोद झाले, ते मलाही खटकतात. पण ललकारीची गोष्ट वेगळी. तिथे वस्तीचं नाव दुसरा कुणी हिणवून घेत नाही. तिथला माणूसच ते आधी, मोठ्याने आणि ताठ मानेने घेतो. पत्ता सांगताना नुसतं ‘पवई’ म्हणून थांबण्याची सोय त्यालाही होती. हिरानंदानीच्या उंच इमारतींमुळे ते नाव आज प्रतिष्ठेचं आहे. तो तिथे थांबत नाही, पुढचा शब्दही उच्चारतो, आणि टाळी त्या पुढच्या शब्दाला पडते.

मोरे २०२४ मध्ये हास्यजत्रेतून बाहेर पडले. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ हीच त्यांची ओळख आजही आहे.