पौषवारी, त्र्यंबकेश्वरची

संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वर (जि. नाशिक) येथे भरणारी वारकऱ्यांची यात्रा व तीसाठी ऐन हिवाळ्यात केली जाणारी पायी वाटचाल. ही एकादशी षट्‌तिला या नावाने ओळखली जाते. ती साधारणतः जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी येते : २०२४ मध्ये ती ६ फेब्रुवारीस, तर २०२६ मध्ये १४ जानेवारीस आली. त्र्यंबकेश्वरास ज्योतिर्लिंगामुळे शैव क्षेत्र म्हणून आणि गोदावरीच्या उगमामुळे तीर्थ म्हणून देशभर ख्याती आहे. पौषातील हे चार दिवस मात्र नगर वारकऱ्यांचे असते.

निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू. परंपरेनुसार, विठ्ठलपंत मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता रात्री वाघ समोर आला. त्या धांदलीत निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तेथे गहिनीनाथांनी त्यांस उपदेश केला. नाथ संप्रदाय व भागवत धर्म यांची सांगड घालणारी ही घटना रानवाटेवरची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ही प्रदक्षिणा आजही होते. लहान फेरी सु. २० किमी.ची असून श्रावणातील तिसऱ्या सोमवारी तीस लाखोंचा समुदाय लोटतो. बहुतेक जण कुशावर्तात स्नान करून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात व पावसात, चिखलातून, फारसे न थांबता सकाळपर्यंत फेरी पुरी करतात. पौषवारीची रीत याहून अगदी वेगळी आहे.

निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी ज्येष्ठ वद्य १२, शके १२१९ (इ. स. १२९७) रोजी समाधी घेतली, असे मानतात. मग मोठी यात्रा पौषात का? आषाढीसाठी त्यांची पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास पंढरपूरकडे निघते व सु. ४५० किमी.चे अंतर तोडते. साहजिकच समाधीच्या तिथीस पादुका त्र्यंबकेश्वरात नसतात, वाटेवर असतात. दुसरे कारण भूगोलाचे असावे. सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यालगतच्या या भागात पाऊस अतोनात पडतो. पक्के रस्ते व पूल होण्यापूर्वी पावसाळ्यात येथे मोठ्या समुदायाने पायी येणे दुष्कर होते. उलट पौषात नद्या उताराजोग्या आणि गाडीवाटा कोरड्या असतात. शेतकरी या दिवसांत मोकळा असतो म्हणून यात्रा पौषात, असेही सांगतात. पण ते अर्धेच खरे आहे. कोरडवाहू खरिपाचे खळे उरकलेले असले, तरी गहू, हरभरा व कांदा यांचे पाणी याच दिवसांत धरावे लागते. विहीर-बागायत वाढल्यापासून तर वारीस निघणे म्हणजे उभे पीक कोणाच्या तरी हवाली करून निघणे होय.

दिंड्या नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून व मराठवाड्यातूनही निघतात. जवळच्यांची वाट दोन-तीन दिवसांची, तर लांबच्यांची आठवड्याहून अधिक. पुढे पताका, मागे टाळकरी, मधे वीणेकरी व पखवाजी, त्यांमागे डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया, हा क्रम आषाढीसारखाच. पण ऋतू सारे बदलून टाकतो. जिल्ह्यातील निफाड परिसर राज्यातील अत्यंत थंड भागांत मोडतो. थंडीच्या लाटेत तेथे पारा ५° से.च्या खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. त्याच रात्री दिंडी गावच्या देवळात, शाळेच्या पडवीत किंवा उघड्या राहुटीत मुक्कामास असते. पहाटेचे स्नान मात्र चुकत नाही. अंथरूण-पांघरुणाचा बोजा आता मालमोटारीतून पुढे जातो. पूर्वी तो बैलगाडीवर किंवा पाठीवरच असे. वाटेवरील गावे भाकरी-पिठल्याची पंगत देतात आणि उतरण्यास जागा देतात. या आधाराखेरीज एवढे लोक थंडीत चालू शकले नसते.

दिंडीची चाल तिच्यातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या चालीवर ठरते. अंतर लवकर कापण्याला येथे मोल नाही. याच नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी अखंड सायकल-शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. तिच्यात विसावा म्हणजे गमावलेला वेळ. वारीत मुक्काम हा वाटचालीचाच भाग असतो : कीर्तन व हरिपाठ तेथेच होतात.

शेवटचा टप्पा नाशिक ते त्र्यंबकेश्वर, सु. २८ किमी.चा. सातपूर, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी अशी ही वाट आता चौपदरी आहे. पायाखालचे दगड गेले, पण भरधाव वाहनांचा धोका आला. पहाटेच्या धुक्यात तो अधिकच. अंजनेरी मागे पडून ब्रह्मगिरीचा कडा जवळ येऊ लागला, की टाळांचा ठेका वाढतो. एकादशीस निवृत्तिनाथांचा रथ नगरातून निघतो. समाधिमंदिराची रांग थंडीतही रात्रभर हलत असते.

परतीची वाट बहुधा पायी होत नाही. द्वादशीस पारणे फिटले, की वारकरी राज्य परिवहनाच्या जादा गाड्यांनी गावाकडे वळतात. पताका गुंडाळून टपावर किंवा बाकाखाली ठेवलेल्या असतात.