घर्षण आणि चाक

घर्षण : एकमेकांना टेकलेले दोन पृष्ठभाग सरकू लागले, किंवा नुसते सरकू पाहू लागले, तरी त्या हालचालीला होणारा विरोध. पृष्ठभाग कशाचे आहेत आणि ते किती दाबले गेले आहेत, यावर तो ठरतो. टेकलेली जागा लहान की मोठी, याने कोरड्या पृष्ठभागांत सहसा फरक पडत नाही. फ्रान्समध्ये गिओम आमोंताँ यांनी 1699 मध्ये हे मांडले.

चाकामुळे घर्षण संपते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चाक घर्षणाची जागा बदलते. बैलगाडीची लोखंडी धाव जमिनीवर घासत नाही, टेकते आणि उचलली जाते. घासाघीस होते ती आस आणि तुंबा यांच्यात. चाकाची त्रिज्या आसाच्या वीसपट असेल, तर तिथले घासण्याचे अंतर कापलेल्या वाटेच्या विसाव्या हिश्शावर येते. उरलेल्यावर उपाय वंगणाचा. म्हणून तर वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे.

जमिनीशी मात्र चाकाला घर्षण हवेच असते. ते नसेल तर इंजिनाचे चाक जागच्या जागी गरगरेल.

याची खरी कसोटी पाहावी ती कर्जत-लोणावळ्यादरम्यानच्या बोरघाटात. पोलादी रुळावर पोलादी चाक इतके सहज लोळते, की सपाटीवर संथ चालणाऱ्या गाडीचा एक टन ओढायला दोन-तीन किलो वजनाएवढा जोर पुरतो. 1863 मध्ये सुरू झालेल्या या घाटमार्गाचा चढ 37 फुटांना 1 फूट आहे. तिथे दर टनामागे आणखी 27 किलोंचा भार मागे खेचतो, आणि जी गुळगुळीत सपाटी वरदान होती तीच अडचण होते. पावसात रूळ ओले झाले की चाकाची पकड आणखी सुटते. तेव्हा इंजिन चाकांपुढे कोरडी वाळू सोडते. एका इंजिनाची पकड अपुरी पडते म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ‘बँकर’ इंजिने जोडतात.

उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर, म्हणजे पुन्हा घर्षणावरच. ब्रेक बेताबाहेर दाबला तर चाक फिरायचे थांबून रुळावर घसटत जाते. लोळणारे चाक रूळ जितका घट्ट धरते, तितका घसटणारे धरत नाही. शिवाय घासलेल्या जागी ते चपटे होते आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला रुळावर ठोका देत राहते. गाडी आवरलीच नाही, तर तिला चढावर वळवून थोपवणारे ‘कॅच सायडिंग’ घाटात बांधलेले आहेत.